यादीतलं नाव

गेल्या वर्षी ऑगस्टमधल्या एका रविवारी दुपारी माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. वाणगावात पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. ओली छत्री दाराशी ठेवून ती आत आली, सलाम केला आणि बसायच्या आधीच म्हणाली, "आपा, कॉलेजात द्यायला एक अर्ज लिहून पाहिजे. मराठीत."

आमच्या मुलांना अशी कामं माझ्याकडे आणायची सवय आहे. उर्दू माध्यमातून शिकलेली मुलं पुढे मराठी-इंग्रजी कागदांच्या जगात जातात, तेव्हा पहिली दोन-तीन वर्षं त्यांचे अर्ज, हमीपत्रं, स्वयंघोषणा हे सगळं माझ्या ओट्यावर बसून लिहिलं जातं. मी वही घेतली आणि विचारलं, "विषय काय लिहू?"

"दिव्यांगांच्या यादीतून माझं नाव काढून टाकण्याबाबत. मला कुठलीच सोय नको, असं लिहा."

मी पेन खाली ठेवलं.

या मुलीचं नाव, तिचं गाव, कॉलेजचं नाव यातलं काही मी इथे लिहिणार नाही. एवढं सांगते की तिला दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. कानामागे मशीन असतं, ते ओढणीखाली झाकलं जातं. ओढणी घट्ट बसली की मशीन बारीक शिट्टी वाजवतं, मग ती हळूच बोट घालून कापड सैल करते. वर्गात ती शिट्टी ऐकू आली की मी समजायचे, मघाचं वाक्य हिच्यापर्यंत पोचलेलं नाही. मी पुन्हा सांगायचे. तिला पहिल्या बाकावर बसवायचं, फळ्याकडे तोंड करून बोलायचं नाही, श्रुतलेखन घेताना तिच्यासमोर उभं राहायचं, एवढंच मी करत होते. बी.एड.ला विशेष गरजा असलेल्या मुलांवर एक प्रकरण होतं आणि परीक्षेत त्यावर टीप यायची. त्यातलं आज फारसं आठवत नाही. जे येतं ते या मुलीनं शिकवलेलं.

बारावीनंतर तिनं औषधनिर्माणशास्त्राच्या पदविकेला प्रवेश घेतला. आमच्या भागात हा हिशेब सरळ आहे. बोईसर-तारापूरच्या एमआयडीसीत औषधांच्या आणि रसायनांच्या कंपन्या आहेत आणि पालघरपासून डहाणूपर्यंत नाक्यानाक्यावर मेडिकल स्टोअर आहे. दोन वर्षांत मुलीच्या हातात पोटापाण्याची विद्या येते. तिचे अब्बा एमआयडीसीतच शिफ्टवर जातात. त्यांना आणखी काय हवं होतं?

प्रवेशानंतर शिष्यवृत्तीसाठी आणि परीक्षेतल्या सवलतींसाठी दिव्यांग प्रमाणपत्र लागतं. ती अब्बांबरोबर सरकारी रुग्णालयात गेली, कानांची तपासणी झाली, चार हेलपाटे झाले आणि शेवटी यूडीआयडी कार्ड आलं. ते तिनं कॉलेजच्या ऑफिसात नेऊन दिलं. पंधरा दिवसांनी वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक पीडीएफ आली. वर लिहिलं होतं, 'खालील दिव्यांग विद्यार्थ्यांनी कागदपत्रांच्या पूर्ततेसाठी कार्यालयात भेटावे.' खाली चार नावं. प्रत्येक नावापुढे जन्मतारीख, मोबाईल नंबर, दिव्यांगत्वाचा प्रकार आणि टक्केवारी.

चारांपैकी एका मुलाच्या नावापुढे 'मानसिक आजार' असं लिहिलं होतं. तोपर्यंत वर्गात हे कुणालाही माहीत नव्हतं. तो त्यानंतर आठवडाभर कॉलेजला आला नाही.

हिची यादी संध्याकाळपर्यंत मोहल्ल्यात पोचली. वर्गातल्या कुणाची तरी चुलत बहीण, तिच्या नणंदेचा ग्रुप, अशी ती फिरत गेली. हिच्या मोठ्या बहिणीचा रिश्ता त्या दिवसांत जवळपास पक्का झाला होता. तिसऱ्या दिवशी तिकडून फोन आला. फार अदबीनं विचारलं, "ते कानाचं खानदानी तर नाही ना?" हिच्या अम्मीनं फोन ठेवला आणि हिला सांगितलं, नाव काढून घे.

म्हणजे मुलीनं हक्क सोडायचा, तेही आपल्या अर्जानं, आपल्या सहीनं. आणि तो अर्ज मी लिहायचा.

मी म्हटलं, "अर्ज लिहीन. पण आधी आपण कॉलेजात जाऊन येऊ."

बुधवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. ती, तिचे अब्बा आणि मी वाणगाव स्टेशनवरून लोकल पकडली. अब्बा जनरल डब्यात गेले, आम्ही लेडीजमध्ये. दिव्यांगांच्या डब्यातून जायचा तिला हक्क आहे. मी विचारलं, तिथे का नाही बसत? ती म्हणाली, "आपा, त्या डब्यात चढलं की सगळे आधी पायांकडे बघतात, मग हातांकडे, मग तोंडाकडे. हिला काय झालंय, हे शोधत असतात. रोज कोण उत्तर देणार?"

प्राचार्य सभ्य गृहस्थ होते. बसवलं, चहा मागवला. तक्रार ऐकून घेतल्यावर त्यांनी एक जाड फाईल काढली. कॉलेजात पदवीचेही वर्ग आहेत आणि नॅकच्या मूल्यांकनाची तयारी चालू होती. नॅकच्या निकषांत दिव्यांगस्नेही, अडथळामुक्त परिसर हा एक मुद्दा असतो. उतरंड आहे का, वेगळं स्वच्छतागृह आहे का, दिशादर्शक फलक आहेत का, लेखनिकाची सोय आहे का, याचे पुरावे आणि अक्षांश-रेखांश छापलेले फोटो द्यावे लागतात. फाईलमध्ये सगळे फोटो होते. "मॅडम, नियमात आम्ही कुठे कमी नाही," ते म्हणाले. उतरंड खरोखर चांगली होती, येताना मी पाहिली होती. पण या मुलीला पायऱ्यांची अडचण कधीच नव्हती.

यादी पाठवणाऱ्या कारकुनाला बोलावलं. तो घाबरलेला होता. म्हणाला, "पोर्टल बंद व्हायची तारीख जवळ आली होती. चौघांचे फोन लागत नव्हते. ऑफिसात मी एकटा. वर पाठवायच्या तक्त्यात जे रकाने होते, ते तसेच टाकले." माझा त्याच्यावर लगेच विश्वास बसला. कारण हे मी स्वतः केलेलं आहे.

आमच्या शाळांतही याद्या असतात. समग्र शिक्षेच्या कामात विशेष गरजा असलेल्या मुलांची यादी असते, शिष्यवृत्तीची असते, बँक खातं नसलेल्यांची असते. एके वर्षी तपासणीला माणसं आली होती. मी भर वर्गात नावं वाचली आणि म्हटलं, "या मुलांनी उभं राहा." तीन मुलं उभी राहिली, बाकीची पस्तीस त्यांच्याकडे बघत बसली. माझा हेतू वाईट नव्हता, घाई होती. कारकुनाची घाई आणि माझी घाई एकच. दोघांनाही वरच्या साहेबाचा रकाना भरायचा होता, आणि ज्याचं नाव रकान्यात जातं त्याला विचारायचं असतं हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

त्या केबिनमध्ये आणखी एक गोष्ट झाली. डोक्यावर पंखा घरघरत होता. प्राचार्य, कारकून, अब्बा आणि मी, चौघं एकमेकांचं तोडत बोलत होतो. प्राचार्य अब्बांना समजावत होते, अब्बा मला सांगत होते, मी कारकुनाला. दहा-बारा मिनिटांनी माझं लक्ष तिच्याकडे गेलं. ती एका तोंडावरून दुसऱ्या तोंडाकडे नजर फिरवत होती आणि तिला काही लागत नव्हतं. तिच्याबद्दलची सगळी चर्चा तिला ऐकू येणार नाही अशा रीतीनं आम्ही करत होतो, आणि त्यांतली एक मीही होते. मी शरमले. मी म्हटलं, "थांबा. हिला बोलू द्या."

तिनं पर्समधून घडी घातलेला कागद काढला. मला वाटलं, तिनं तो अर्ज दुसऱ्या कुणाकडून लिहून आणला. पण तिनं स्वतःच्या अक्षरात, चुकतमाकत, मराठीत पाच ओळी लिहिल्या होत्या. पहिला बाक. शिकवताना सरांनी तोंड वर्गाकडे ठेवावं. प्रयोगशाळेत मास्क लावून सूचना देतात तेव्हा त्या फळ्यावरही लिहाव्यात, कारण मास्कमुळे ओठ दिसत नाहीत. तोंडी परीक्षेचा प्रश्न कळला नाही तर कागदावर लिहून द्यावा. पाचवी ओळ होती: 'ग्रुपवर नाव नको.'

प्राचार्यांनी कागद दोनदा वाचला. मग म्हणाले, "एवढंच?"

एवढंच. या पाच ओळींना एक रुपया लागत नव्हता.

आता कायदा काय म्हणतो ते सांगते, कारण आपल्या घरांत तो फार कमी ठाऊक असतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याच्या अनुसूचीत २१ प्रकारची दिव्यांगत्वं आहेत. त्यांत डोळ्यांना न दिसणारी पुष्कळ आहेत, जसं ऐकू कमी येणं, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार, थॅलेसेमिया, सिकलसेल. ज्यांचं दिव्यांगत्व ४० टक्के किंवा अधिक आहे त्यांच्यासाठी सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव आहेत. लेखी परीक्षेसाठी केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे दर तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ आहे. आणि या सगळ्याच्या मुळाशी 'वाजवी सोय' नावाची कल्पना आहे. समोरच्यावर अवाजवी बोजा न पडता, या माणसाला इतरांच्या बरोबरीनं शिकता यावं म्हणून जो बदल करणं शक्य आहे, तो करायचा. पहिला बाक ही वाजवी सोय आहे. फळ्यावर लिहिलेली सूचना हीसुद्धा.

न्यायालयांनीही हे वेळोवेळी सांगितलं आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की लिहिताना खरी अडचण असेल तर ४० टक्क्यांचा आकडा नाही म्हणून लेखनिक नाकारता येणार नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात अवनी प्रकाश या विद्यार्थिनीचा निकाल आला. ते प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून वर गेलं होतं. तिला डिसग्राफिया, म्हणजे लेखनाची अक्षमता. नीट परीक्षेत तिला हक्काचा तासभर जादा वेळ मिळायला हवा होता, पण केंद्रावर तो दिला गेला नाही. परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेनं एका मुलीवर झालेला अन्याय दुरुस्त करायचा विचार करावा, असं न्यायालयानं बजावलं. लाखो मुलांच्या परीक्षेत एकीचं काय, असं म्हणून हात झटकता येत नाहीत.

मला सगळ्यांत जवळचं वाटतं ते महाराष्ट्रातल्याच ओंकार गोंड या मुलाचं प्रकरण. त्याला वाचा आणि भाषेशी संबंधित ४४-४५ टक्के दिव्यांगत्व होतं आणि नियमाचा अर्थ लावून त्याला एमबीबीएसला अपात्र ठरवलं गेलं होतं. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुण्याच्या बी. जे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या अधिष्ठात्यांना तज्ज्ञांचं मंडळ नेमायला सांगितलं. त्या मंडळानं मुलाला तपासून कळवलं की या शिक्षणात त्याला अडचण येणार नाही. त्याला प्रवेश मिळाला, आणि १५ ऑक्टोबर २०२४ च्या सविस्तर निकालात न्यायालयानं स्पष्ट केलं की नुसत्या टक्केवारीवरून कुणाला नाकारता येणार नाही, हा मुलगा हे शिक्षण घेऊ शकतो का ते पाहिलं पाहिजे.

आकड्यापलीकडे माणूस पाहा, असं देशाचं सर्वोच्च न्यायालय सांगतं. आणि इकडे आमच्या ग्रुपवर माणूस बाजूला राहतो आणि आकडा फिरतो.

आता दुसरी बाजूही पाहू. याद्या जाहीर का करतात? कारण खोटेपणा होतो. जुलै २०२४ मध्ये पुण्यातल्या प्रशिक्षणार्थी अधिकारी पूजा खेडकर यांचं प्रकरण गाजलं, त्यात दिव्यांग प्रमाणपत्रांवरही प्रश्न उभे राहिले. लोकसेवा आयोगानं ३१ जुलैला त्यांची उमेदवारी रद्द केली. आरोप त्यांनी नाकारले आहेत आणि वाद न्यायालयात गेलेला आहे. पण त्या महिन्यात समाजमाध्यमांवर जे झालं ते आठवा. दुसऱ्याच अधिकाऱ्यांचे नाचतानाचे, चालतानाचे व्हिडिओ शोधून काढले गेले आणि खाली विचारलं गेलं, 'हा कुठे दिव्यांग दिसतो?' ज्यांचा काही संबंध नव्हता त्यांना आपलं शरीर लोकांसमोर सिद्ध करावं लागलं. आमच्या या मुलीलाही वर्गातल्या एकीनं विचारलं होतं, "तू तर नीट बोलतेस, मग सर्टिफिकेट कसं मिळालं?"

फसवणूक रोखलीच पाहिजे. खऱ्या दिव्यांगाची जागा चोरणं हा गुन्हा आहे, त्याच कायद्यात त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंडाची तरतूद आहे. राखीव जागा कुणाला मिळाली, हे इतर उमेदवारांना कळलं पाहिजे, हेही मला मान्य आहे. मागासलेल्यांनी झगडून ही पारदर्शकता मिळवली आहे. पण प्रमाणपत्र तपासायचं काम वैद्यकीय मंडळाचं आणि प्रवेश देणाऱ्या यंत्रणेचं आहे, वर्गातल्या साठ मुलांचं नाही. सरकारला आकडेवारी हवी असते, ती संख्येत देता येते. शिक्षकाला एवढंच कळायला हवं की या मुलीसाठी काय करायचं आहे. तिच्या कानाचा अहवाल त्याला कशाला? अमेरिकेत कॉलेजांची यासाठी वेगळी कचेरी असते. विद्यार्थी आजाराचे कागद तिथे देतो आणि प्राध्यापकाच्या हातात फक्त सोयींचं पत्र जातं, आजाराचं नाव त्यात सहसा नसतं. विद्यार्थ्यांच्या नोंदी गुप्त राखण्याचा कायदा तिथे १९७४ पासून आहे. आपल्याकडे २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं, २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले. त्यातल्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार आहेत. ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामासाठी वापरायची, हे त्या कायद्याचं मूळ सूत्र आहे. पण कारकुनाला एक नवा रकाना वाढवून मिळाला आणि माणूस एकटाच राहिला, तर हा कायदाही फाईलमध्ये फोटो लावून पूर्ण होईल.

आणि आता आपल्या घरातलं. कॉलेजला दोष देणं सोपं आहे. पण पीडीएफनं जी आग लागली, तिला लाकडं आपण पुरवली होती. त्या रिश्त्याच्या फोनमध्ये कॉलेजचा काय संबंध? आपल्यात दिव्यांगत्वाला 'ऐब' म्हणतात. मग पर्दापोशी आठवते. दुसऱ्याचा ऐब झाकणं सवाबचं काम, म्हणून मुलीला कानाचं मशीन लग्न ठरेपर्यंत लावू देत नाहीत, मुलाला मिरगीचं औषध लपूनछपून देतात, प्रमाणपत्रच काढत नाहीत. प्रेमापोटी करतात, आणि त्यात मुलाची वर्षं जातात.

मला वाटतं आपण शब्द चुकीचा निवडला आहे. पर्दापोशी पापाची, चुकीची करायची असते. कमी ऐकू येण्यात झाकण्यासारखं काय आहे? अब्दुल्लाह इब्न उम्मे मकतूम रजि. अंध होते. ते मदीनेत अजान देत, आणि नबी सल्ल. शहराबाहेर जात तेव्हा अनेकदा मागे मदीनेची जबाबदारी त्यांच्याकडे असे. त्यांचं अंधत्व साऱ्या शहराला माहीत होतं. ते मोठ्या सरदारांशी चाललेल्या बोलण्यात मध्येच प्रश्न घेऊन आले आणि त्यांच्याकडे दुर्लक्ष झालं, त्या प्रसंगावर सूरह अबस उतरली. आपण ती मुलांना पाठ करवतो. तिचा अर्थ मला त्या केबिनमध्ये पंख्याखाली बसून नीट कळला. बोलणं मोठ्यांमध्ये चाललेलं होतं आणि जिला गरज होती ती समोर बसून होती.

तर शब्द हवा 'अमानत'. माझ्या शरीराची माहिती मी तुमच्याकडे एका कामासाठी ठेवली आहे. ती माझी आहे. तुम्ही ती सांभाळायची, त्या कामापुरती वापरायची. अमानत राखली जाते ती तिची लाज वाटते म्हणून नव्हे, ती दुसऱ्याची असते म्हणून. उद्या ही मुलगी स्वतः स्टेजवर उभी राहून सांगेल की मला कमी ऐकू येतं, तर आपण टाळ्या वाजवू. पण सांगायचं कधी, कुणाला, किती, हे ती ठरवेल. तिच्या वतीनं ना कॉलेज जाहीर करेल, ना तिची अम्मी लपवेल. ती १९ वर्षांची आहे. तिची संमती म्हणजे तिची सही. हे बोलताना मी त्या दिवशी तिच्या अब्बांकडे पाहिलं. ते काही बोलले नाहीत, पण कॉलेजनं पुढे केलेला कागद त्यांनी तिच्याकडे सरकवला.

ज्यांच्या घरात असं मूल पुढच्या शिक्षणाला जातं आहे, त्यांना माझ्या अनुभवातून थोडं सांगते. यूडीआयडीसाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज लवकर करा, बारावीच्या निकालाची वाट पाहू नका. कॉलेजात छायांकित प्रत देताना तिच्यावर कशासाठी दिली आहे ते आणि तारीख लिहा. सोयी मागताना आजाराची कहाणी सांगत बसू नका, काय हवं ते आकडे घालून लिहा आणि प्रतीवर पोच घ्या. त्याच अर्जात शेवटी लिहा की ही माहिती वर्गात, फलकावर किंवा ग्रुपवर देऊ नये. कॉलेजनं ऐकलंच नाही तर पुण्याला राज्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय आहे, तिथे तक्रार करता येते. आणि अर्ज मुलानं स्वतः लिहावा. त्यात दहा चुका असल्या तरी चालतील.

शिक्षक मित्रांना एकच विनंती. पुढच्या वेळी यादी पाठवताना रकाने मोजा. काम एका रकान्यात होत असेल तर बाकीचे पुसून टाका. चार मुलांना चार वेगळे मेसेज करायला तीन मिनिटं लागतात. मी आता वर्गात नावं वाचत नाही. मधल्या सुट्टीत एकेकाला बोलावते. तपासणीला आलेल्यांना थोडं थांबावं लागतं, ते थांबतात.

पुढे काय झालं? कॉलेजनं ग्रुपवरची पीडीएफ काढली. पण ज्यांनी ती उतरवून घेतली होती त्यांच्या मोबाईलमधून ती काढता येत नाही. ते नुकसान झालं ते झालं. प्राचार्यांनी शिक्षकांना एक पत्र दिलं, त्यात तिच्या चार ओळी होत्या आणि कानाचा उल्लेख नव्हता. प्रयोगशाळेतल्या मॅडम आता सूचना फळ्यावर लिहितात. तिनं मला सांगितलं, "आपा, सगळ्याच मुली उतरवून घेतात. त्यांनाही मास्कमधून काही कळत नव्हतं." तो दुसरा मुलगा परत आला, पण त्यानं कुठलीही सोय मागितली नाही. बहिणीचा तो रिश्ता झाला नाही. कानामुळे की आणखी कशामुळे, कुणी सांगितलं नाही.

हा लेख लिहून झाल्यावर मी तिला बोलावून वाचायला दिला. तिनं सावकाश वाचला आणि दोन ठिकाणी बोट ठेवलं. "हे काढा आपा." मी का म्हणून विचारलं नाही. ती वाक्यं आता इथे नाहीत.